वारसनोंद व मृत्युपत्र : अणदूर परिसर

वारसनोंद म्हणजे मयत खातेदाराच्या जागी त्याच्या वारसांची नावे सरकारी दप्तरात चढवणे. गावात याला 'वारस लावणे' किंवा 'फेर ओढणे' म्हणतात. मृत्युपत्र म्हणजे आपल्यामागे मालमत्ता कोणाला जावी हे मालकाने हयातीत लिहून ठेवणे. फेराशिवाय शेतकऱ्याच्या घराचे भागत नाही. मृत्युपत्राचा विषय मात्र म्हाताऱ्या माणसासमोर काढायलाही पोरे कचरतात.

अणदूर हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील गाव, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग ओलांडल्यावर लागते. इथल्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन : सुमारे सव्वादहा महिने देव अणदुरात असतो, पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव नेताना-आणताना दोन्ही गावच्या मंडळींत लेखी करार होतो. वहिवाटीच्या वाटणीचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडायचा नाही. देवाची पाळी अशी कागदावर असते. भावाभावांची वाटणी मात्र बहुधा पंचांच्या तोंडी राहते, आणि या विषयातली निम्मी भांडणे त्या तोंडी वाटणीतूनच उगवतात.

हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. 1853 च्या तहाने नळदुर्ग जिल्हा काही वर्षे इंग्रजांकडे होता, तेव्हा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तिथे कारभार पाहत होता. 1860 मध्ये तो जिल्हा निजामाला परत मिळाला. त्यामुळे जुने महसुली दप्तर उर्दूत आणि सन फसली. 1357 फसली म्हणजे 1947-48, हे गणित न कळल्याने भलत्याच वर्षाची नक्कल मागणारे अर्जदार असतात. मराठवाड्यात हक्काचा माग काढताना 1954-55 चे खासरा पत्रक हा मोठा आधार. पणजोबांचे नाव एका कागदावर उर्दूत, दुसऱ्यावर मोडीत, तिसऱ्यावर देवनागरीत, आणि तिन्हीकडे थोडे थोडे निराळे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात मराठवाड्यातल्या अनेक घरांनी ही दप्तरे उपसली. जमिनीसाठी कधी न काढलेली वंशावळ जातीच्या दाखल्यासाठी निघाली. ती आता वारसाच्या कामालाही येते.

देवस्थान इनामाच्या जमिनी वेगळ्या धरायच्या. त्यांचा मालक देव. पुजाऱ्याच्या किंवा सेवेकऱ्याच्या वारसांकडे सेवा आणि वहिवाट येते, मालकी येत नाही. म्हणून अशी जमीन मृत्युपत्राने देता येत नाही की आपली म्हणून वाटता येत नाही.

खातेदार वारल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 149 सांगते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र जोडले की गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, प्रकरण येते. मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. अर्ज आता 'ई-हक्क' प्रणालीतूनही करता येतो. तरीही सातबाऱ्यावर दोन-दोन पिढ्या मयतांचीच नावे राहिली. ती काढण्यासाठी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली आणि 1 एप्रिलपासून राज्यभर लागू झाली. नाव मोठे मार्मिक आहे. पीककर्ज, पीकविमा, पीएम-किसान, सारे सातबाऱ्यावरच्या नावावर अडते. पीएम-किसानसाठी जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर हवी. त्यानंतरचा फेर वारसाने झालेला असेल तरच चालतो.

जुन्या उताऱ्यांत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात : एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटा मालक नव्हे, सर्वांच्या वतीने नाव लागलेला कर्ता. पुढच्या पिढीत ही तीन अक्षरे नव्या उताऱ्यावर उतरायची राहून गेली की धाकट्याच्या नातवंडांना आपला हिस्सा दाव्यानेच सिद्ध करावा लागतो.

बहिणींचा हक्क हा यातला सर्वांत नाजूक भाग. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्राविना वारलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई सारख्याच हिश्शाचे वारस. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. ती मेख 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने निघाली. बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. व्यवहारात वारस लागताना बहिणींची नावे चढतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राची बोलणी सुरू होतात. साडीचोळी आणि तुटू नये असे माहेर, एवढ्यावर ते होते. ते राजीखुशीने झाले तर कायद्याची हरकत नाही. पण स्थावराचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलेच हवे. शंभराच्या मुद्रांकावर सह्या घेऊन कपाटात ठेवलेल्या कागदाने बहिणीचा हक्क सुटत नाही.

भावांची वाटणी 'सरस-निरस' पाहून होते : विहिरीजवळचे कमी, माळाचे जास्त. सर्वांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारापुढे खातेफोड होते. मात्र तुकडेबंदीचे, म्हणजे ठरल्याहून लहान तुकडा पाडता येत नाही याचे, भान ठेवावे लागते. 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे आहे. विहिरीच्या पाण्याची पाळी आणि शेतात जाण्याची वाट वाटणीपत्रात लिहिली नाही, तर क्षेत्र बिनचूक असूनही भांडण उरतेच.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदलेले मृत्युपत्रही वाद झाल्यास निदान एका साक्षीदाराच्या तोंडून सिद्ध करावे लागते, म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून तरुण आणि गावातच राहणारे निवडावेत. हिंदू माणूस एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतो, सगळ्यांची जमीन नाही. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशापलीकडे वसियत करता येत नाही.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, याचा धसका गावाकडे उगाच घेतला जातो. हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे होते ते मुंबई, मद्रास, कलकत्ता यांच्या जुन्या हद्दींत. अणदूरच्या शेताला ते कधीच लागत नव्हते. अणदूरकराची मुंबईत खोली असेल तर लागे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ही सक्ती सांगणारे 1925 च्या अधिनियमाचे कलम 213 च काढून टाकले. मृत्युपत्रावरून फेर घेताना हरकत आली, तर खरेखोटे महसूल अधिकारी ठरवत नाही. दिवाणी न्यायालयात जावे लागते.

बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घट्ट आहे आणि चुकीचा आहे. नॉमिनी पैसे उचलतो, पण वारसांच्या वतीने. शेअर्सबाबतही हेच खरे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी दिला. तो खटला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेतून निघाला होता.

एकाच वेळी घरच गेले तर? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर असे घडले. बाप आधी गेला की मुलगा, हे कळायला मार्ग नसेल तर 1956 च्या अधिनियमाचे कलम 21 धाकटा मागाहून गेला असे गृहीत धरते, आणि वारसाची सारी साखळी त्यावरून ठरते.

महामार्गाच्या भूसंपादनात मोबदल्याच्या वाटपावरून वारसांत तंटा झाला तर सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. निकालापर्यंत पैसे अडकतात. अशा तंट्यांत लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. वारसात नाव लावून घेऊ पाहणाऱ्या बहिणीने किंवा विधवेने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा, नाहीतर 15100 वर फोन करावा.