खोक्यातला यंत्रमानव

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहा, असं कमिटीचं म्हणणं आलं. सोसायटीच्या बांधकामाचा, पाण्याच्या टाकीचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेली मंडळी आपल्याकडे आहेत, ते लिहितीलच. मी विषय घेतला आहे तो आपल्या गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेतल्या एका पोशाखाचा. शिवाजी महाराज, झाशीची राणी, भाजीवाली आणि डॉक्टर यांच्या रांगेत दर एक-दोन वर्षांनी एक मूल पुठ्ठ्याचे खोके अंगाला बांधून येतं. ओणवं झालं की मोटारगाडी, उभं राहिलं की यंत्रमानव. टाळ्या त्यालाच जास्त पडतात. हा प्रकार आला कुठून?

शेवटापासून नको, मुळापासून सुरुवात करू. 'रोबो' हा शब्द झेक भाषेतला. कारेल चापेक या लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं, ते १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं. कारखान्यात तयार केलेल्या कामगारांना काय म्हणावं ते कारेलला सुचेना, तेव्हा त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने हा शब्द सुचवला. 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी. म्हणजे आपल्या भाषेत रोबो हा वेठबिगार झाला. गंमत अशी, की त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हतेच, दिसायला माणसासारखेच होते, आणि अर्थात नटच ते काम करत होते. सांगायचा मुद्दा हा, की रोबो जगात प्रथम आला तो यंत्र म्हणून नाही, सोंग म्हणून आला. यंत्र मागाहून झालं.

पत्र्याचं रूप त्याला मिळालं ते पुढच्या सात-आठ वर्षांत. १९२७ साली फ्रित्स लांग या दिग्दर्शकाचा 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट आला. त्यातली धातूची यंत्रस्त्री ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती खरोखर धातूची वाटली असेल. पण तो पोशाख होता. वॉल्टर शुल्त्स-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने नटीच्या अंगाचा साचा घेऊन, लाकडाच्या भुश्यापासून बनणाऱ्या लुकणासारख्या लगद्याचे तुकडे बनवले आणि वरून चंदेरी रंग मारला. आत ब्रिगिटे हेल्म ही अगदी तरुण नटी होती, आणि त्या कवचाने तिला बरंच खरचटलं होतं. दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, लंडनमध्ये मॉडेल बनवणाऱ्या इंजिनिअरांच्या प्रदर्शनात 'एरिक' नावाचा अॅल्युमिनियमचा यंत्रमानव उभा राहिला. उद्घाटनाला राजपुत्र येणार होते, त्यांचं जमलं नाही, म्हणून एरिकनेच उठून भाषण केलं! त्याच्या छातीवर 'आर. यू. आर.' अशी अक्षरं होती. मात्र त्याला चालता येत नव्हतं, पाय खालच्या पेटीला पक्के बसवलेले होते.

इथे एक गोष्ट आयांनी आणि आज्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ' या अमेरिकन चित्रपटात एक पत्र्याचा माणूस आहे. ते काम आधी बडी एब्सेन या नटाला दिलं होतं. त्याच्या तोंडाला अॅल्युमिनियमची पूड लावली, ती श्वासाबरोबर फुप्फुसात गेली आणि काही दिवसांतच त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच्या जागी जॅक हेली आला, तेव्हा पुडीऐवजी लेप वापरला. आपल्याकडेही स्पर्धेच्या दिवशी कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातली चंदेरी पूड किंवा स्प्रेचा डबा घेऊन मुलाच्या गालापर्यंत पोचतो. रंग खोक्याला द्यावा, मोकळ्या हवेत द्यावा आणि वाळल्यावरच मुलाला आत घालावं. तोंडाला काही लावू नये. चेहरा उघडा राहिलेला आजी-आजोबांनाही बरा वाटतो, ओळखू तरी येतो.

आता मोटारीकडे येऊ. मोटार होणारा यंत्रमानव हे जपानी डोकं. तिथे १९७० च्या दशकात टीव्हीवर अजस्र यंत्रमानवांच्या कार्टून मालिकांची लाट आली. 'माझिंगर झेड' ही १९७२ ची मालिका त्यांतली गाजलेली. तिच्यातला मुलगा यंत्रमानवाच्या डोक्यात बसून तो चालवतो. १९८० मध्ये ताकारा या खेळण्यांच्या कंपनीने 'डायक्लोन' नावाची मालिका काढली आणि १९८२ च्या सुमारास तिच्यात मोटारी आल्या. खऱ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती, सांधे फिरवले की यंत्रमानव. बॉनेटची छाती व्हायची, दारांचे पंख, मागचा भाग उलगडून पाय. आणि आत बसायला करंगळीच्या पेराएवढा एक ड्रायव्हर मिळायचा, त्याच्या पायात लोहचुंबक. हा ड्रायव्हर लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे. शेजारीच 'मायक्रो चेंज' नावाची दुसरी मालिका होती. तिच्यात टेपरेकॉर्डर, कॅसेट असल्या घरगुती वस्तूंचे यंत्रमानव होत.

१९८३ च्या टोकियोच्या खेळणी प्रदर्शनात हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीच्या लोकांनी हे पाहिलं आणि हक्क घेतले. दोन वेगळ्या मालिकांतली खेळणी एकाच नावाखाली आणली, म्हणून तर एवढासा कॅसेट प्लेअर आणि भलाथोरला ट्रक एकाच मापाचे दिसतात. नाव ठेवलं 'ट्रान्सफॉर्मर्स'. कथा आणि पात्रं तयार करायचं काम मार्व्हल या कॉमिक्स कंपनीला दिलं. नायक ट्रकला 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव डेनी ओनील यांनी दिलं, बाकीच्या बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. १९८४ मध्ये खेळणी, कॉमिक आणि टीव्हीवरचं कार्टून असं सगळं एकदम बाजारात आलं. त्याच सुमाराला अमेरिकेत मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांवरची सरकारी बंधनं सैल झाली होती. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरातच, अशी टीका तिथे तेव्हाही झाली, आणि ती खोटी नव्हती. माल खपवण्यासाठी गोष्ट रचलेली होती. पण मुलांनी ती गोष्ट मनापासून घेतली. १९८६ च्या चित्रपटात कंपनीने नवीन खेळण्यांना जागा करायला ऑप्टिमस प्राइमला मारून टाकलं, तेव्हा थिएटरात पोरं रडली. शेवटी त्याला परत जिवंत करावं लागलं. ताळेबंद बघून घेतलेले निर्णय कधीकधी असे अंगलट येतात, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी वेगळं सांगायला नको.

तर हॅस्ब्रोने एक मोठा बदल केला. तो छोटा ड्रायव्हर काढून टाकला. यंत्रमानव कोणी चालवत नाही, तो स्वतःच जिवंत आहे, स्वतः बोलतो, रागावतो, असं ठरलं. जपानमध्ये जे वाहन होतं ते अमेरिकेत पात्र झालं, आणि १९८५ साली तेच पात्र होऊन जपानला परत गेलं.

आणि मग अमेरिकेतल्या घरोघरच्या आईबापांनी तो ड्रायव्हर परत आत बसवला. तिथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचा सण असतो, मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेट मागतात. त्या काळचे दुकानातले तयार पोशाख म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि अंगात घालायचा प्लॅस्टिकचा झगा, ज्याच्या छातीवर त्याच पात्राचं चित्र आणि नाव छापलेलं! आपल्या बहुरूप्याने छातीवर 'मी मारुती' अशी पाटी लावण्यासारखंच ते. त्यात मोटार व्हायची सोय कुठून असणार? मुलाला हवं होतं ते वळणं, उघडणं, बदलणं. ते फक्त घरी करता येण्यासारखं होतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू प्रत्येक घरामागे पडलेली होती, ती म्हणजे खोका.

पन्हळी पुठ्ठ्याचाही इतिहास छान आहे. १८५६ साली इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं पेटंट घेतलं गेलं ते टोपीच्या आत घालायच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. म्हणजे पन्हळी कागद अंगावर चढला आधी आणि मालाभोवती गेला नंतर. पोशाखवाल्यांनी त्याला मूळ धंद्यात परत आणलं म्हणा.

हा पोशाख करताना आपल्याकडे काय चुकतं ते मी बऱ्याच वर्षांच्या स्पर्धांमध्ये पाहिलं आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. पुठ्ठ्याला आडवा-उभा असतो. आतल्या पन्हळीच्या नळ्या ज्या दिशेला, त्या दिशेने तो सहज दुमडतो. आडवा मोडायला गेलं की चुरगळतो. छातीच्या खोक्याला नळ्या उभ्या हव्यात, म्हणजे तो दबत नाही. बिजागरी करायची तर कटरने वरचा एकच कागद कापायचा, खालचा तसाच ठेवायचा आणि त्यावर कापडी पट्टी चिकटवायची. नुसत्या सेलोटेपची बिजागरी स्टेजपर्यंत टिकते, स्टेजवर नाही. पुठ्ठ्याचे थर कारखान्यात स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. ती खळ दमटपणाने सैल पडते, आणि आपले गणपती येतात भाद्रपदात! त्यामुळे तयार पोशाख आदल्या रात्री गॅलरीत ठेवू नये. रंग फक्त बाहेरून दिला तर पत्रावळीसारखा वाकतो, आतूनही एक हात द्यावा.

खरी मेख मापात असते. मूल गुडघ्यावर आणि कोपरांवर ओणवं झालं की पाठ हे गाडीचं टप. हे टप खांद्यापासून कमरेपर्यंतच हवं. लांब झालं तर वाकताना मानेत रुततं. हातांवरचे दोन खोके पुढे जुळवले की बॉनेट आणि दिवे, पोटऱ्यांवरचे खोके म्हणजे मागची चाकं. कोपर आणि गुडघा या दोन्ही ठिकाणी चार बोटं जागा मोकळी सोडायची. तेवढी नसेल तर मुलाला उठताच येत नाही आणि कोणीतरी पालक स्टेजवर धावतो. वजन खांद्यांवर पडावं, म्हणून दप्तराचे जुने पट्टे वापरावेत. आणि मुलाला त्यात बसता, उठता आणि बाथरूमला जाता येतं का, ते घरी बघून घ्यावं. वर सांगितलेल्या जॅक हेलीला त्याच्या पत्र्याच्या वेशात बसता येत नसे, तो फळीला टेकून विश्रांती घ्यायचा. तो पगारी नट होता. आपली सहा वर्षांची पोरं तासभर नंबरची वाट बघत असतात.

आता वादाचा मुद्दा. काही वर्षांपूर्वी अशा एका पोशाखाला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा बक्षीस मुलाला की बापाला, अशी कुजबुज झाली, आणि ती खाली बाकावर बरेच दिवस चालली. त्यानंतर हळूहळू भाड्याचे पोशाख वाढले. त्यांत कोणी कोणाला बोलत नाही. माझं मत वेगळं आहे. भाड्याच्या पोशाखात मूल दोन ओळी म्हणून खाली उतरतं. खोकेवालं मूल महिनाभर त्या वस्तूच्या आत-बाहेर असतं, चाक कुठे लावायचं यावर भांडतं, आणि उठताना कुठला हात आधी काढायचा हे त्याला बापापेक्षा चांगलं ठाऊक असतं. उठायचं तर त्यालाच असतं ना.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात 'मॅजिक व्हीलचेअर' नावाची एक संस्था आहे. ती चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांसाठी खुर्चीभोवतीच पोशाख बांधते, कोणाला जहाज, कोणाला ड्रॅगन, कोणाला गाडी. तिथली खुर्ची लपवायची नसते, तीच गाडी होते. हे वाचल्यापासून माझ्या मनात आपल्या स्पर्धेच्या नियमावलीतला 'स्पर्धकाने स्टेजवर चालत येऊन' हा शब्दप्रयोग आहे. तो कोणी वाईट हेतूने लिहिलेला नाही, पण तो काढावा, आणि स्टेजला पायऱ्यांच्या बाजूने एक फळीचा उतार करून घ्यावा, असा अर्ज मी कमिटीला दिला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो यावा. सभासदांनी त्या दिवशी गणपूर्तीपुरतं तरी हजर राहावं.

आणि दिवाळीच्या खरेदीत ज्यांच्याकडे नवा फ्रीज किंवा वॉशिंग मशीन येईल, त्यांनी खोका लगेच भंगारात देऊ नये. वॉचमनच्या केबिनमागे कोरडी जागा आहे, तिथे उभा करून ठेवावा. पाच प्लायचा असेल तर उत्तमच.