योसेफाचा झगा आणि आपला कापूस

पराटीच्या वावरात वाढलेल्या चांदूर बाजारच्या माणसाला एका हिब्रू शब्दाचे वेड का लागावे, असे घरचे विचारतात. त्या शब्दामागे आपला कापूस निघेल अशी मला आशा होती, हे खरे कारण.

बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात (३७:३) याकोब लाडक्या योसेफाला ‘कतोनेत पस्सीम’ करून देतो. ‘कतोनेत’ म्हणजे अंगरखा. घोडे अडते ‘पस्सीम’पाशी. जुन्या ग्रीक भाषांतराने ‘रंगीबेरंगी’ म्हटले आणि चित्रांतून तेच रूढ झाले. पण ‘पस’ म्हणजे हाताचा पंजा. म्हणून लांब बाह्यांचा, पायघोळ झगा हा अर्थ मला पटतो. दुसऱ्या शमुवेलात (१३:१८) असाच वेश राजकन्या तामार घालते. तो घालून काही मेंढरे वळता येत नाहीत. भावांना डाचली ती योसेफाची ही सुटका असावी, रंग नव्हे.

अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी ‘पस्सीम’ समजावताना एस्तेर ग्रंथातल्या (१:६) ‘कर्पस’चा दाखला देतो. कर्पस हे शूशनच्या इराणी राजवाड्यातल्या पडद्यांचे कापड, आणि शब्द मूळचा संस्कृत ‘कार्पास’. म्हणजे आपला कापूसच! वाचताक्षणी मी वही ओढली. मग राशीचे वाक्य पुन्हा नीट पाहिले. तो सांगतो ते तलम लोकरी वस्त्र. तेव्हा शूशनच्या पडद्यांवर आपल्याला हक्क सांगता येईल, योसेफाच्या झग्यावर नाही. लेखाचे शीर्षक मात्र आधीच लिहून झाले होते.