बोर्डाची शाळा

आमचं वडपे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. जुनी माणसं शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणत, कारण कारभार जिल्हा स्कूल बोर्डाचा. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तरी गावच्या शाळेचं ठरायचं ते भिवंडीत नाहीतर ठाण्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मात्र शाळा व्यवस्थापन समिती थेट गावात बसवली. पाऊण सभासद पालक, एकूणात निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, आलेल्या पैशावर नजर त्यांनी ठेवायची.

पण आता भाताच्या खाचरांत गोदामं उभी राहिली. मुलांच्या आया दिवसभर तिथं कामाला. सभा दुपारी ठेवली तर त्या येणार कशा? घरी वही पाठवून सही घेतली की कागद भरतो, कारभार गावाबाहेरच राहतो. म्हणून सांगतो, सभा दिवेलागणीनंतर घ्या.