फडातील वाद्यांची मांडणी व नादाचा तोल : संगमनेरच्या अनंत फंदीच्या संदर्भात

मराठी शाहिरीचा इतिहास प्रामुख्याने छापील पदांच्या आधारे लिहिला गेला. लावणी, पोवाडा, फटका यांचा छंद, भाषा व आशय यांची चर्चा विपुल झाली. परंतु ही पदे ज्या नादातून श्रोत्यांपर्यंत पोहोचत, त्या नादाची घडण बहुधा दुर्लक्षित राहिली. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) याच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. कारण त्याच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका एका वाद्याविषयीच आहे.

परंपरेने चालत आलेल्या ढोलकीच्या फडात वादक बसत नाहीत. ढोलकी कमरेला बांधलेली असते. ढोलकीवाला व हलगीवाला प्रारंभी पुढे येऊन आमनेसामने वाजवितात. हलगीचा आवाज कोरडा, तीव्र आणि क्षणात विरणारा. ढोलकीच्या डाव्या अंगाचा घुमारा खालच्या पट्टीतला व रेंगाळणारा. गर्दी जमविण्यास ही जोडी समर्थ असली तरी गायकाचा शब्द बुडविण्यासही तीच पुरेशी आहे. म्हणून गाणे सुरू होताच मांडणी बदलते. ढोलकी बाजूस सरते, हलगी दबते आणि तुणतुणे व झांज घेतलेले सुरते गायकाच्या पाठीशी उभे राहतात.

तुणतुण्याची एकच तार. तिचा स्वर प्रथमतः गायकाच्या कानासाठी असतो. ते वाद्य पाठीशी असण्याचे कारण हेच. चरणाचा शेवट सुरते उंच पट्टीत उचलून धरतात. या झीलमुळे गायकास दम घेण्यास अवधी मिळतो. शिवाय ढोलकीच्या घुमाऱ्याहून वरच्या पट्टीत असल्याने शब्दाचा शेवट मैदानाच्या कडेपर्यंत जातो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेतील श्रोत्याची सोय अशी माणसांच्या जागा बदलूनच होत असे. मलय दरबारी गामेलानमध्ये वाद्यांचा संचच परस्परांशी जुळवून घडविलेला असतो आणि प्रत्येक वाद्याचे स्थान ठरलेले असते. फडात मात्र तुणतुण्याची खुंटी दरवेळी गायकाच्या पट्टीप्रमाणे पिळावी लागते.

आता आख्यायिकेकडे वळता येईल. ब्राह्मण असूनही अनंत फंदी तमाशा करतो म्हणून अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली, त्याने तेथेच डफ फोडला आणि पुढे तो कीर्तनाकडे वळला, असे सांगितले जाते. अहिल्याबाईंचा मृत्यू १७९५ चा. तेव्हा प्रसंग घडला असल्यास त्यापूर्वीचा. त्याची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या कीर्तनाकडे तो वळला, त्याची मांडणी फडाहून फार दूरची नाही. पुढे एकटा निवेदक-गायक, बाजूस मृदंग, मागे टाळ घेतलेले साथीदार आणि ध्रुवपद उचलून धरणारा त्यांचा आवाज. नादाचा सांगाडा बराचसा तोच राहिला. शिवाय मृदंग हेही चामड्याचेच वाद्य होय. त्यामुळे डफ फोडण्यामागचा आक्षेप चामड्यावर वा नादावर नसून त्या वाद्याच्या सामाजिक स्थानावर होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

मग फडातील बाकीच्यांचे काय झाले? आख्यायिका यावर काही बोलत नाही. पदाच्या शेवटी शाहिराची नाममुद्रा येते. सुरत्याची किंवा हलगीवाल्याची सहसा येत नाही. हलगी परंपरेने मातंग समाजाकडे राहिली. शब्द ब्राह्मण शाहिराचा असला तरी तो लोकांपर्यंत नेणाऱ्या नादाचा तोल अनेक जातींच्या हातांत होता, आणि छापील संग्रहांत हा भाग उतरलाच नाही.

योगायोग असा की, अहिल्याबाईंचे जन्मस्थान चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, तेथेच पुढे संगीतबारीची कला केंद्रे उभी राहिली. बारीतील वादक बसून वाजवितात. पेटी, तबला व ढोलकी ही तेथील मुख्य वाद्ये. तुणतुण्याचे स्वर धरून ठेवण्याचे काम पेटीने घेतले. हलगी मात्र आजही जत्रेत व कुस्तीच्या मैदानात, जेथे तिला कोणाच्याही शब्दासाठी दबावे लागत नाही, तेथे पूर्ण जोराने वाजते.