तळटीप २३ : वाल्टर कार्व्हाल्यो

२३. वाल्टर कार्व्हाल्यो (जन्म १९४७) : ब्राझीलचे छायालेखक व दिग्दर्शक. ईशान्येकडील पाराइबा राज्यातले. माहितीपटकार व्लादिमीर कार्व्हाल्यो हे त्यांचे थोरले बंधू. मजकुरात उल्लेखलेला ‘सेंत्राल दो ब्राझील’ (१९९८, दिग्दर्शक वाल्टर सालेस) त्यांनीच चित्रित केला; त्याला बर्लिन महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले. रिओच्या स्थानकावर निरक्षरांची पत्रे लिहून देणारी दोरा सुरुवातीला दिसते, तेव्हा तिच्यामागची गर्दी धूसर ठेवली आहे. ती एका मुलाला घेऊन कोरड्या सेर्तांव प्रदेशात शिरते, तशी चौकट रुंदावते, दूरचेही स्पष्ट होते. दोराचे बदलते मन कॅमेऱ्याने असे दाखवणे, ही या छायालेखनाची खरी थोरवी. सालेस यांच्याच ‘तेरा एस्त्रांजेइरा’ (१९९५, सहदिग्दर्शन दानिएला तोमास) या चित्रपटासाठी त्यांनी कृष्णधवल चित्रण केले होते. पुढे ‘जानेला दा आल्मा’ (२००१) हा दृष्टीविषयीचा माहितीपट त्यांनी झुआंव झार्दिम यांच्यासह दिग्दर्शित केला. त्यात लेखक झोझे सारामागो, दिग्दर्शक विम वेंडर्स आणि अंध छायाचित्रकार एव्हगेन बाव्चार आपल्या पाहण्याविषयी बोलतात. ‘बुदापेस्त’ (२००९) हा कथापटही त्यांचाच. पुत्र लुला कार्व्हाल्यो हेही नामवंत छायालेखक आहेत. – संपा.