जुन्या संगणकावर लिनक्सला वेग
'विंडोज १०'ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स वापरता येते. मात्र रॅम कमी असल्यास 'ग्नोम'सारखा डेस्कटॉप जड जातो. त्याऐवजी १९९६ मध्ये सुरू झालेला 'एक्सएफसीई' निवडावा; तो कमी मेमरी व्यापतो. संगणकासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत.

रॅम अपुरी पडू लागली, की लिनक्स मेमरीतील काही माहिती डिस्कवरील 'स्वॅप'मध्ये हलविते. हार्ड डिस्कवर ही ये-जा अतिशय संथ असते. तिचे प्रमाण ठरविणाऱ्या 'स्वॅपिनेस'चे मूळ मूल्य ६० असते. ते १०पर्यंत उतरविल्यास ही ये-जा घटते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे, हा मात्र सर्वांत परिणामकारक उपाय होय.