शाखेची झाली संस्था : पुण्याचे सेवासदन

पी.जी.आय.च्या वॉर्डात रात्रपाळी करणारी परिचारिका आज आपणा चंडीगडकरांना नवलाची वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र घरंदाज हिंदू घरातील स्त्रीने, त्यातून विधवेने, परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी ही कल्पनाच पुण्यात कोणाला सहन होत नव्हती. हे चित्र बदलण्यात ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे, ती सुरुवातीला केवळ एक शाखा होती.

समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. एक पारशी, दुसरे सिंधी. सर्व जातिधर्मांच्या भगिनींनी एकत्र येऊन शिकावे व सेवा करावी, हा हेतू. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात त्याची शाखा निघाली. श्रीमती रमाबाई रानडे अध्यक्षा झाल्या आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी व्यवस्थेचा भार उचलला.

रमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना घरीच शिकवले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसत त्या शिकल्या. 1901 मध्ये न्यायमूर्ती गेल्यावर त्या पुण्यात येऊन राहिल्या. तुरुंगातील स्त्रियांना भेटणे, रुग्णालयात जाणे हा त्यांचा क्रम होता. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्याही त्या अध्यक्षा होत्या. त्यामुळे बायकांना नेमके काय हवे, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्याच वाड्यात वर्ग सुरू झाले. लिहिणे-वाचणे, शिवण, हस्तकला. शाळेचे वय उलटून गेलेल्या प्रौढ स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह आले. शिक्षिका तयार करणारे अध्यापिका विद्यालय आले, आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मुली जाऊ लागल्या. घरात ओझे मानल्या गेलेल्या बाईच्या हाती स्वतःची कमाई येऊ लागली.

हे सहजासहजी झाले नाही. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास मंचावर आली, तेव्हा सज्जातील कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्यांना खडसावले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण, आत्या, मावशी किंवा आई नाही, असे त्यांनी विचारले. सभागृह चिडीचूप झाले. त्या मुलांना उत्तर सुचले नाही, कारण तशी एक तरी बाई बहुतेकांच्या घरी होतीच.

पुढे पुण्याची ही शाखा स्वतंत्र संस्था झाली. 1924 मध्ये रमाबाईंचे निधन झाले, त्या वेळी हजाराहून अधिक स्त्रिया तेथे शिकत होत्या. गांधीजींनीही त्यांच्या या कार्याचा गौरव केला. 1962 मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

शाखा वाढते ती मूळ संस्थेच्या नावावर नव्हे. आपल्या गावाची गरज ओळखून जी काम करते, तीच वाढते. सेवासदनाचा इतिहास हेच सांगतो. सेक्टर 30 मधील आपण मंडळीही एका अर्थाने महाराष्ट्राची दूरची शाखाच आहोत. नोकरी-शिक्षणासाठी महाराष्ट्रातून एकट्या मुली या शहरात येतात. खोली शोधणे, आजारपणात सोबत, सणाला घरचे जेवण, एवढे तरी त्यांना आपल्याकडून मिळावे. आरतीच्या ताटात पडणाऱ्या दक्षिणेतील थोडा वाटा दरवर्षी यासाठी बाजूला काढता येईल का, याचा आपण सर्वांनी अवश्य विचार करावा.

गणपतीबाप्पा मोरया!